शनवार तेल्यांचा बखरकार : हाइम सॅम्युएल केहीमकर

गेल्या चैत्रात आमच्या घरी गौरीचे हळदीकुंकू झाले. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, गौरीपुढची आरास, सारे रीतीप्रमाणे पार पडले. बायका घरोघर परतल्यावर माझ्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने सहज विचारले की हे सारे कोणत्या पोथीत लिहिले आहे. मी आठवू लागलो, पण पोथीचे नाव काही सापडेना. घरातून एवढेच उत्तर आले की सासूबाई असे करीत आणि त्यांच्या सासूबाईही असेच करीत. नातवाचे समाधान झाले नाही. पुस्तकात नसेल तर ते पाळायचे कशासाठी, हा त्याचा प्रश्न चेहऱ्यावर तसाच राहिला.

त्या रात्री मला हाइम सॅम्युएल केहीमकर यांची आठवण झाली. माझे आजोळ अलिबागचे. लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो की इस्राएल आळीतून जाणे होई. तिथल्या सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत मशिदीच्या, ओट्यावर बसलेले म्हातारे आमच्यासारखेच अस्सल कुलाबी मराठी बोलत. ही माणसे कोण, असे विचारले की आजी सांगे, ते शनवार तेली. ज्या गोष्टीसाठी माझा नातू पोथी मागत होता, त्याच गोष्टीसाठी या लहानशा समाजाकडे साऱ्या जगाने पोथी मागितली. आणि ती जबाबदारी ज्या माणसाने जन्मभर वाहिली ते हे केहीमकर.

त्यांचा जन्म १८३० सालचा, अलिबागचा. आडनाव किहीम गावावरून आलेले. बेने इस्राएल लोकांची आडनावे अशीच गावांवरून पडलेली आहेत : रोहेकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर. त्यांची परंपरा अशी की फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज परागंदा होऊन समुद्रमार्गे निघाले, अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ त्यांचे गलबत फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत काठाला लागली. जवळचे सारे बुडाले, त्यात पोथ्याही बुडाल्या. वाहून आलेली प्रेते नवगावाला पुरली. वाचलेल्यांनी कुलाब्याच्या गावांत तेलाच्या घाण्याचा धंदा धरला. शनिवारी मात्र ते घाणा जुंपीत नसत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. बायका लुगडे नेसत, मंगळसूत्र घालीत, हाताला मेंदी लावीत. हिब्रू भाषा विसरली, मराठी मातृभाषा झाली.

मग उरले काय? उरला शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही विधिनिषेध, आणि एक प्रार्थना, शेमा. देव एकच आहे हे सांगणारी ती तोराच्या पाचव्या पुस्तकातली वचने जन्म, लग्न, मरण अशा प्रत्येक प्रसंगी म्हटली जात. जवळ ग्रंथ नव्हता, पण ग्रंथातली तेवढी ओळ ओठांवर राहिली होती. सणांची नावे मराठी झाली होती. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यानंतरचा खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा महान उपवास तो दारफळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून लोक घरात राहात, परक्याला शिवत नसत. दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा दिवस बिरड्याचा झाला, कारण तेव्हा वालाचे बिरडे खात.

सर्वांत विलक्षण तो अनशी ढाकाचा सण. मिसरातून सुटकेच्या स्मरणार्थ ज्यू लोक पेसाहचा सण करतात आणि त्या दिवसांत आंबवलेले काहीही खात नाहीत, घरातही ठेवीत नाहीत. भात खाणाऱ्या कोकणात आंबवलेली रोटी नव्हतीच. मग निषेध पाळायचा कसा? त्यांच्या घरी आंबट रसाचे मडके असे. ते सणाच्या दिवसांत झाकून ठेवायचे, एवढीच रीत उरली. का झाकायचे हे कोणास सांगता येत नव्हते. कारण विसरले, पण हात विसरले नाहीत. मडके दरसाल झाकले गेले.

आता ज्यू धर्मशास्त्राची एक मूलभूत गोष्ट इथे सांगितली पाहिजे, त्याशिवाय केहीमकरांच्या कामाचे मोल कळणार नाही. ज्यू लोकांचे लिखित शास्त्र म्हणजे तोरा, मोशेची पाच पुस्तके. पण त्यांचे रब्बी असे मानतात की सिनाय पर्वतावर मोशेला तोरा दोन रूपांत मिळाला, एक लिखित आणि एक मौखिक. मौखिक तोरा गुरूकडून शिष्याकडे चालत आला. इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हनासी याने तो मिश्ना या संग्रहात बांधला, आणि पुढे त्यावरील चर्चेतून तालमुद तयार झाला. बाबिलोनी तालमुद इसवी सन ५०० च्या आसपासचा. रब्बींच्या मते या परंपरेचा अधिकार लिखितापेक्षा कमी नाही. ती नसेल तर लिखिताचा अर्थच लागत नाही. शब्बाथ दिवशी काम करू नये असे तोरा सांगतो. काम म्हणजे कोणते हे मिश्नाने एकोणचाळीस प्रकार मोजून सांगितले. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये असे तोरात तीनदा आले आहे. त्यावरून मांस आणि दूध एका पंक्तीस नको, हा सारा आचार परंपरेने उभा केला.

तालमुदात हिल्लेल नावाच्या गुरूची एक गोष्ट आहे. एक परका मनुष्य त्याच्याकडे आला आणि आपल्याला लिखित तेवढेच शिकवावे, तोंडी काही नको, असा हट्ट धरून बसला. हिल्लेलने पहिल्या दिवशी त्याला मुळाक्षरे क्रमाने शिकवली. दुसऱ्या दिवशी तीच उलट्या क्रमाने सांगितली. शिष्य गोंधळला, काल तर वेगळे सांगितले होते, म्हणू लागला. तेव्हा हिल्लेलने त्याच्या लक्षात आणून दिले की अक्षर ओळखण्यासाठीसुद्धा त्याला गुरूच्या तोंडावरच विश्वास टाकावा लागतो. सिनेगॉगमधली तोराची गुंडाळी आजही स्वरचिन्हांवाचून लिहिली जाते. ती वाचायची कशी हेही परंपरेनेच ठरते. ज्यांच्या घरी पणजोबांची मोडी दप्तरे आहेत त्यांना हे पटवून द्यायला नको. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न करणारी ती पळती अक्षरे, वाचणारा माहितगार नसेल तर नुसता कागदच.

पण ज्यूंमध्येही सर्वांनी हे मान्य केले असे नाही. आठव्या शतकात बगदादकडे अनान बेन दाविद याने रब्बींच्या अधिकाराविरुद्ध उभे राहून लिखित शास्त्राकडे परतण्याचा पुकारा केला. पुढे त्यातून कराईत पंथ निघाला. लिखित तेवढेच प्रमाण, मौखिकाला तो मान नाही, असे ते म्हणत. रब्बींचे आणि त्यांचे भांडण शतकानुशतके चालले.

या भांडणात कोकणातले बेने इस्राएल कोणत्या बाजूला बसवायचे? त्यांच्याजवळ लिखित तोरा नव्हता आणि तालमुदही नव्हता. परंपरा मात्र होती, पण ती रब्बींच्या पाठशाळेतली नव्हे, स्वयंपाकघरातली. इसवी सन १२०० च्या सुमारास मैमोनिदेस या महापंडिताने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंविषयी लिहिताना त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, शब्बाथ आणि सुंता एवढेच ते पाळतात, अशी नोंद केली आहे. १७६८ साली कोचीनचे व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी हॉलंडला धाडलेल्या पत्रातही कोकणच्या या लोकांबद्दल असेच आले आहे. शेमा आणि शनिवार, याहून अधिक त्यांना माहीत नाही.

समाजाच्या स्वतःच्या आठवणीत दाविद राहाबी नावाचा एक पाहुणा आहे. हे लोक खरोखर ज्यू आहेत की काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे शिजवायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. हा नियम तोरातला आहे, पण त्या बायकांनी तोरा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी नेमले. परीक्षा बायकांची झाली आणि अधिकारपदे पुरुषांना मिळाली, हे आपल्याकडच्या रीतीस धरूनच झाले.

मुंबईत इंग्रजांची चाकरी मिळू लागली तशी ही मंडळी पलटणीत आणि कचेऱ्यांत शिरली. सॅम्युएल यहेज्केल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्यानंतर ज्ञानाचे दोन प्रवाह एकाच वेळी येऊन मिळाले. कोचीनहून धर्मशिक्षक आले. १८३३ च्या सुमारास आलेले शलोमो सालेम शुराबी यांनी उपासनेची रीत शिकवण्यात जन्म घालवला. दुसरीकडून मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली या समाजासाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. जुन्या करारातली पुस्तके मराठीत उतरली. यात एक गंमत आहे. हे मिशनरी प्रॉटेस्टंट होते. शास्त्र तेवढे प्रमाण, परंपरेला ते मान नाही, हा त्यांचाही बाणा. म्हणजे बेने इस्राएलांच्या हाती स्वतःचा ग्रंथ, स्वतःच्या मातृभाषेत, ज्यांनी दिला, त्यांना त्या ग्रंथाभोवतीची ज्यू परंपरा मान्यच नव्हती. त्यांना वाटे, ग्रंथ वाचून ही माणसे आपल्याकडे येतील. पण ग्रंथ वाचून माणसे अधिक पक्की ज्यू झाली. मडके का झाकायचे याचे कारण आता त्यांना छापील पानावर सापडले होते.

केहीमकर वाढले ते या काळात. आपल्या बांधवांना विद्येवाचून गती नाही हे त्यांनी लवकर ओळखले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८५३ साली, भावांच्या साथीने त्यांनी बेने इस्राएल हितकारक सभेसारखी एक संस्था काढली. १८७५ साली त्या प्रयत्नातून मुंबईत इस्राएल शाळा उभी राहिली. मिशनच्या शाळेत मुलगा हिब्रू शिके खरा, पण शिकवणाऱ्याच्या मनात काय आहे याची धास्ती आईबापांना असे. आपली मुले आपल्या शाळेत इंग्रजी, मराठी आणि हिब्रू शिकावीत, हा केहीमकरांचा ध्यास होता. पैशाची तंगी कायम. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचे साहाय्य मिळाले. १८९२ साली त्यांनी समाजाचा संक्षिप्त इतिहास आणि शिक्षणासाठी विनंती असे एक छोटे पुस्तक लिहिले. शाळा टिकली, पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले.

याच पिढीत पुण्याला, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात, १८७४ साली पेसाहची हग्गादा हिब्रू व मराठीत निघाली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी लाटताना आणि भाजताना दिसतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनांचे ग्रंथ मराठीत आणण्याचे मोठे काम केले. ग्रंथाची उणीव अशी भरून निघत होती. केहीमकरांनी मात्र वेगळे काम हाती घेतले. जे ग्रंथात नव्हते तेच त्यांनी लिहून काढले. सणांची मराठी नावे, लग्नाचे विधी, सुंतेची रीत, नवस, गावांची आणि घराण्यांची नावे, काजी घराण्यांची कहाणी. एलियाहू हनाबीच्या नावाने होणारा मलिदा, ज्यात पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना म्हणतात, तो कोणत्याही तोरात नाही आणि तालमुदातही नाही. पण ज्या घरी नवस फेडायचा त्या घरी त्याचा अधिकार कोणत्याही ग्रंथाइतका आहे. बेने इस्राएलांचा हा इतिहास त्यांनी इंग्रजीत १८९७ साली पुरा केला.

त्यांनी परंपरेला साक्षीदार केले. हनुक्का हा सण त्यांच्या समाजाला जुन्या काळी ठाऊक नव्हता. हा सण यरुशलेमात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाला. तेव्हा आपले पूर्वज त्याआधीच, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, तिथून निघाले असले पाहिजेत, असा त्यांनी हिशेब मांडला. जे पाळले जात होते त्याइतकेच, जे पाळले जात नव्हते तेही त्यांनी पुरावा म्हणून उभे केले. आजचे इतिहासकार हे अनुमान जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. विसरणे आणि कधी न शिकणे यांत फरक करणे अवघड असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे आढळले. पूर्वज दुरून आले, हे म्हाताऱ्यांचे सांगणे एवढ्यापुरते खरे ठरले. वर्ष मात्र कोणासही सांगता आले नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे समजण्यास मुंबईतली एक कटकट माहीत हवी. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू प्रारंभी बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेस येत. पुढे त्यांना या मराठी ज्यूंच्या शुद्धतेविषयी शंका येऊ लागली. १८३६ साली स्मशानभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालावी असा अर्ज झाला. शंकेचे मूळ पुन्हा मौखिक शास्त्रातच होते. लग्न, घटस्फोट, विधवेचा दिराशी संबंध सोडवणे, यांचे जे विधी रब्बींनी बारकाईने ठरवले ते या लोकांना ठाऊक नव्हते. मग त्यांचा वंश निर्दोष कसा मानावा? म्हणजे एका परंपरेने दुसऱ्या परंपरेकडे दाखला मागितला, आणि दुसरीजवळ दाखला देण्यासारखा कागद नव्हता. केहीमकरांचे पुस्तक हा तो कागद होता.

त्यांची थोरवी सांगताना एक उणेही सांगितले पाहिजे. त्यांच्या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. परजातीच्या आईच्या संततीस काळे म्हणत आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत. केहीमकरांनी हा भेद नोंदवला आहे. बगदादी मंडळी जो संशय यांच्यावर घेत, तोच संशय हे आपल्यातल्याच काहींवर घेत होते. परंपरा माणसाला जपते तशी तोडतेही, हे त्यांच्याच पुस्तकावरून शिकता येते.

आपल्या भोपाळला हा विषय परका वाटू नये. केहीमकरांहून दोनच वर्षांनी धाकटे सिद्दीक हसन खान याच शहरात नांदले. १८७१ साली शाहजहान बेगमांशी त्यांचा निकाह झाला, १८८५ साली इंग्रजांनी त्यांचे किताब काढून घेतले, आणि १८९० साली ते वारले. त्यांचा वादही शास्त्र आणि परंपरा यांचाच. कुराण आणि पैगंबरांच्या हदीस यांना थेट मानावे, मधल्या फकीहांचे डोळे मिटून अनुकरण करू नये, हे त्यांच्या शेकडो ग्रंथांचे सार. हदीस हीसुद्धा आधी तोंडी चाललेली आणि मागाहून लिहिली गेलेली परंपरा आहे. तीच गोष्ट मिश्नाची. आपल्याकडे तर वेदालाच श्रुती म्हणतात. त्या काळी पुण्या-मुंबईत विधवाविवाहावरून शास्त्र बलवान की रूढी, यावर सभा गाजत होत्या. एकच प्रश्न तीन धर्मांतली माणसे, एकाच पिढीत, आपापल्या अंगणात सोडवीत होती.

केहीमकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऐंशीच्या उंबरठ्यावर वारले. पुस्तक छापलेले त्यांनी पाहिले नाही. चाळीस वर्षे ते हस्तलिखितच राहिले आणि १९३७ साली तेल अवीवला, डॉ. इमॅन्युएल ओल्स्वांगर यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे पुन्हा तोच दाखला मागण्यात आला. १९६१ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने त्यांच्याशी विवाह करण्यास हरकत नाही असे सांगितले, पण १९६२ साली आजा-पणजापर्यंत चौकशी करण्याचे आदेश निघाले. कोकणातून गेलेल्या मराठी बायाबापड्यांनी यरुशलेमात निदर्शने केली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे घोषित केले आणि रब्बींना आदेश बदलावे लागले. ज्यांच्याजवळ पुस्तक नव्हते, त्यांना पुस्तकवाल्यांनी पंगतीत घेतले. त्याला संसदेचा ठराव लागला, हे मात्र खरे.

परंपरेला लिखित शास्त्राएवढा अधिकार आहे काय? केहीमकरांच्या चरित्रावरून मला एवढे कळते की तो कोणी दिलेला नसतो; पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळून तो मिळवलेला असतो, आणि पाळणे थांबले की तो जातो. ग्रंथ बुडाला तरी पुन्हा मिळतो, छापता येतो. मडके झाकणारे हात थांबले असते, तर ग्रंथ मिळूनही तो कोणाचा हे त्यांना कळले नसते. म्हणून परंपरा आधी सांभाळावी. पण सांभाळताना ती कोणाला दाराबाहेर ठेवते आहे, हेही डोळे उघडून पाहावे.

आम्ही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे. घरातली मुले आता हिंदीत विचार करतात, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी मी नातवाला बोलावले आणि त्याच्या आजीजवळ वही घेऊन बसवले. गौर कधी बसवायची, डाळीत काय घालायचे, ओटी कशी भरायची, आणि पूर्वी कोणाला बोलवीत नसत तेही, ती सांगेल तसे लिहून घे म्हटले. त्याची तीन पाने भरली आहेत. अजून पुष्कळ राहिले आहे.